उशिरा उठणारीचं ताट

१२ जून

घुबडे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र पोस्टमन दारात टाकून जातो, त्याला तू काय करणार? न वाचता फाडायचं म्हटलंस तरी आधी पाकिटावरचं अक्षर ओळखावं लागेल, आणि ते ओळखलं की तू वाचणारच. मी तुला दोन वर्षं जेवायला घातलंय, एवढी तरी ओळखते.

माझं बरं चाललंय. कंबर दुखते, ती दुखणारच. मेसही चालू आहे, म्हणजे आजपर्यंत तरी आहे. विद्यापीठाच्या भोजन समितीत यंदा एक नवे साहेब आलेत. मुलींच्या वसतिगृहाची मेस माझ्याकडून काढून बाहेरच्या कंपनीला द्यावी, असा किडा त्यांच्या डोक्यात शिरलाय. का, तर कंपनी सकाळचा नाश्ता दुपारपर्यंत देते आणि रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघर उघडं ठेवते. आजकालच्या मुलींना तसंच लागतं म्हणे. माझा करार नोव्हेंबरअखेर संपतो. तेव्हा ठरणार, मी राहायचं की कंपनीने यायचं. तुझे काका गेल्यावर ही मेस मी एका शेगडीवर सुरू केली होती. ती गेली तर मी जायचं कुठे, हे त्या साहेबांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तुझ्या बापाला विचारलं, तर दादा म्हणाला, तू आता कुठल्याशा मॅडमच्या हाताखाली काम करतेस. कॉलेजातली पोरं कधी झोपतात, कधी उठतात आणि त्यावरून काय नि कसं खातात, याचा तुम्ही अभ्यास करता. हे ऐकून मला हसता हसता ठसका लागला. सूर्य डोक्यावर आला तरी लोळत पडणारी मुलगी झोपेचा अभ्यास करते आणि सरकार तिला पगार देतं. पण नंतर मी विचार केला. माझं म्हणणं पहिल्यापासून काय आहे? जी लवकर उठते ती नीट जेवते, जी लोळते तिचं सगळंच बिघडतं. हेच जर विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी कुणी म्हटलं, तर त्या साहेबांचं तोंड बंद होईल. तेव्हा ये, आणि तुमचा तो अभ्यास माझ्या मेसमध्ये कर.

तू ताटावरून माझं घर सोडलंस, असं दादाला सांगितलंस. ताटावरून कुणी घर सोडतं का ग? नियम सगळ्यांना एकच होता आणि आजही आहे. नाश्ता आठला बंद. जी आली नाही तिचं ताट वाढून दाराशी फळीवर ठेवायचं, समोर खडूने नाव लिहायचं. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं. पुढच्या जेवणाला ती आली की आधी ते ताट संपवायचं, मगच ताजं. अन्न टाकायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ. तुझं नाव त्या फळीवर रोज असायचं, आणि मी माझ्या सख्ख्या भाचीलाही सोडत नाही, हे बघून बाकीच्या सरळ यायच्या. खरं तर तुझा मला फार उपयोग झाला.

कळव.

तुझी आत्या


१८ जुलै

घुबडे,

आलीस, बरं वाटलं. बारीक झालीस. बारीक म्हणजे चांगली नाही, नुसती बारीक.

तुझ्या मॅडम मला आवडल्या. भाजी दोनदा मागून घेतली, अंडं कसं उकडलंय ते विचारलं. तू मात्र पाण्याच्या पेल्यावर भागवलंस. मी काही बोलले नाही, लोकांसमोर तमाशा नको म्हणून.

मुलींनी तुमचे प्रश्नांचे कागद छान भरले. ती पहिल्या वर्षाची गुबगुबीत मुलगी, जिला मी पिंप म्हणते, तिच्याजवळ तू फारच वेळ बसलीस. ती बोलता बोलता रडली, असं तू जाताना म्हणालीस. मी वाढत होते, माझ्या नजरेला काही पडलं नाही. पिंप म्हटलेलं तिला लागतं, असंही म्हणालीस. अग, सगळी मेस हसते तेव्हा तीही हसते. लागत असतं तर हसली असती का? बाप ट्रक चालवतो तिचा, अशा घरातल्या मुली तुझ्यासारख्या कागदी नसतात. तिची खोड एकच, सकाळी तोंडात घास धरवत नाही आणि रात्री अधाशासारखी खाते. तिचं नाव फळीवर सध्या रोज आहे. तुझीच गादी चालवतेय म्हण.

मॅडमनी आग्रह केला म्हणून मीही एक कागद भरला. ‘कुणी उठवणार नसेल आणि काहीच काम नसेल, तर तुम्ही किती वाजता उठाल?’ असला प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी पेन धरून बसले, तर तू म्हणालीस, आत्या, मनाला येईल ते लिही. लिहिलं मी काहीतरी.

निकाल लवकर सांगा. नोव्हेंबर काही लांब नाही.

आत्या


२ सप्टेंबर

घुबडे,

परवा तू सगळ्या मुलींसमोर उभी राहून बोललीस, तेव्हा मला खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. आमच्या घरात एवढ्या लोकांसमोर कुणी बोललेलं नाही. दादा तर बायकोसमोरही बोलत नाही.

आणि बोललीस ते सगळं माझ्याच तोंडचं. काही माणसं सकाळची असतात, काही संध्याकाळची. सकाळच्या मुली वेळेवर खातात, फळं-भाज्या खातात, आणि खाऊन झाल्यावर विसरून जातात. संध्याकाळच्यांचा नाश्ता बुडतो, रात्री गोड आणि तळकट जास्त जातं, आणि खाण्याबद्दल मनात सारखी लाज आणि धास्ती असते. समितीचे साहेब दुसऱ्या रांगेत होते, मान हलवत होते. हातच्या काकणाला आरसा कशाला, मी तेव्हाच मनात म्हटलं.

पुढे तू म्हणालीस की हा आळस नव्हे, शरीरातलं घड्याळच तसं असतं, तेव्हा नाश्ता उशिरापर्यंत ठेवावा आणि ती फळी काढून टाकावी. ते मी सोडून दिलं. डॉक्टरने लिहून दिलेली सगळीच औषधं कुणी घेतं का? आपल्याला मानवतील तेवढी घ्यायची.

पण नंतर मोरीपाशी तू जे केलंस, ते मला आवडलेलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणालीस, “आत्या, तुझा कागद मी स्वतः तपासला. तू संध्याकाळची आहेस. या मेसमध्ये तुझ्याइतकी संध्याकाळची दुसरी कुणी नाही.” वर माझा हात धरलास, जणू कुणी वारल्याची बातमी सांगतेयस.

तुझं गणित चुकलंय. मी गेली कित्येक वर्षं पहाटे उठते. लग्नाआधी लोळायची, ते खरं, पण आईने मला सरळ केलं. कसं केलं ते विचारू नकोस, पण केलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. सकाळी मला घास उतरत नाही म्हणालीस, तो फोडणीच्या वासाने उतरत नाही. शंभर जणींचं शिजव, मग तुलाही उतरणार नाही. रात्री कुलूप लावल्यावर पातेल्याच्या तळाशी काय उरलंय ते मी उभ्या उभ्या खाते, त्याला जेवण म्हणत नाहीत. तू हे सगळं कधी बघत होतीस? आमच्याकडे राहायचीस ती अभ्यासाला की पाळतीवर?

जाऊ दे. तुझ्या बोलण्याचा मी मेसमध्ये उपयोग करायचं ठरवलंय. कसा तो पुढच्या पत्रात सांगते, दूध उतू जायला आलं.

आत्या


३० सप्टेंबर

घुबडे,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यात एकही ओळ माझ्या कमरेबद्दल नाही. सगळ्या ओळी टेबलांबद्दल.

तुला कुणी सांगितलं, ते मला ठाऊक आहे. पिंपाला पत्ता देऊन गेलीस ना? बरं, आता माझ्याकडून नीट ऐक. तू सगळ्यांसमोर सांगितलंस, माणसं दोन प्रकारची असतात. मी दोन टेबलं लावली. यात माझं चुकलं कुठे? खिडकीजवळ सकाळच्या, कोठीच्या भिंतीशी संध्याकाळच्या. कोण कुठली, हे मला कागद बघावे लागले नाहीत, फळीवरची नावं पुरली. तू म्हणालीस, संध्याकाळच्या रात्री जास्त खातात आणि मग त्यांना लाज वाटते. म्हणून मी त्यांचं रात्रीचं ताट निम्म्यावर आणलं. जास्त खाल्लंच नाही तर लाज कशाची वाटेल? सकाळचं ताट मात्र पूर्ण, ते फळीवर त्यांची वाट बघत असतंच. खोल्यांतून बिस्किटं लपवतात म्हणून रेक्टरबाईंना सांगून कपाटंही बघून घेतली. पिंपाच्या उशीच्या अभ्र्यात पाव निघाले. उशीत. मेस दोन दिवस हसत होती.

“मी हे असं करायला सांगितलं नव्हतं” हे वाक्य तू चार वेळा लिहिलंयस. सांगितलं नव्हतंस, पण बोललीस तूच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालत नाही बाई. बोललं की ते दुसऱ्याच्या हातात जातं.

आणि गुण येतोय, ते बघ. संध्याकाळच्या टेबलावरच्या बऱ्याच जणी आता आठच्या आत येतात, डोळे चोळत का होईना. अन्न वाया जात नाही. समितीचे साहेब येऊन गेले. मी त्यांना म्हटलं, तुमच्याच विद्यापीठाच्या अभ्यासाप्रमाणे मांडणी केली आहे. ते खूश झाले, असं पहिल्यांदाच कुणीतरी केलं म्हणाले. कंपनीचं नाव त्या दिवशी निघालंसुद्धा नाही.

तुझी पिंप अजून येत नाही सकाळची. पण उतरली हो चांगली. पिंपाची बादली झाली, आता सुरई होईल, असं मी वाढताना म्हटलं तर खिडकीकडच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. हसली तीही, जरा कमी.

मॅडमना घेऊन इथे येईन, तक्रार करीन म्हणतेस. कर. पण आधी मनाशी विचार कर, टेबलं मांडायला कुणाच्या भाषणावरून सुरुवात झाली, असं मॅडमनी विचारलं तर तू काय सांगशील? माझं तोंड बंद आहे ते तुझ्यासाठी.

आत्या


२ नोव्हेंबर

घुबडे,

तू दुसरीकडून काही ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक, कारण लोक राईचा पर्वत करतात.

पिंप पडली. सकाळी, नाश्त्याच्या रांगेत. त्या दिवशी कधी नव्हे ती आली होती. मीच आदल्या दिवशी तिला म्हटलं होतं की या महिन्यात एकदा तरी वेळेवर येऊन दाखव, म्हणजे तुला खिडकीशी बसवते. आली बिचारी, अंघोळ करून, वेणी घालून. हातात ताट घेतलं आणि ताटासकट खाली गेली. कट्ट्याची कड लागली, पुढचा दात तुटला. मला आधी ताटाचा आवाज आला. मी आतूनच ओरडले, कोण ते सांडलं? मला काय माहीत.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ दिवस हिच्या पोटात काही गेलेलं नाही. मी म्हटलं, असं कसं, माझ्या मेसमधून रोज तिचं फळीवरचं ताट रिकामं होतं. मग मुली बोलल्या. ती ते शिळं पिशवीत भरून न्यायची आणि मागच्या गटारात टाकायची. रात्रीचं निम्मं ताट शेजारणीला द्यायची. म्हणायची, मला काही खाताना कुणी बघितलेलं नको. हे मला आधी कुणी सांगायला नको होतं का? सगळ्या हसत होत्या तेवढ्या.

अजून बोलत नाही. नळ्या लावल्यात. हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत म्हणे. मी रोज सकाळी दूध नेते, ते नर्स बाहेरच ठेवून घेते. जिवाला काही होणार नाही, मोठ्या डॉक्टरांनी कालच सांगितलं. म्हणजे तू रडत बसू नकोस.

फळी मी काढून ठेवलीय, सध्यापुरती. टेबलंही सरळ केली. बैठक आहे ना या महिन्यात.

तुला एकच विचारायचंय. समितीसमोर येऊन तू एवढं सांगशील का, की टेबलांची मांडणी तुमच्या अभ्यासाचा भाग होती? नुसतं एवढंच. तू शिकलेली, तुझ्यावर विश्वास ठेवतील. तुला समज देऊन सोडतील. माझी मेस जाईल.

आत्या


११ नोव्हेंबर

घुबडे,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल पिंपाचा बाप आला होता. मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती, रेक्टरबाईंनाही बोलावून ठेवलं होतं. तो आला, चपला बाहेर काढल्या, आणि विचारलं, तिचं टेबल कुठलं. रेक्टरबाई म्हणाल्या, आता तसं काही नाही. तो म्हणाला, होतं तेव्हा कुठलं होतं. मी भिंतीकडे बोट केलं. तो तिथे जाऊन बसला.

मी म्हटलं, “अहो, लांबून आलात, ताजं वाढते.”

तो म्हणाला, “तिला वाढत होतात तेच वाढा.”

मी म्हटलं, तसं आज काही शिल्लक नाही. तो म्हणाला, मी थांबतो. आणि खरोखर थांबला. मी सकाळची लापशी आणि अंडं एका ताटात काढून त्याच्यासमोर ठेवलं, तर हात लावीना. घड्याळाकडे बघून म्हणाला, अजून ताजं आहे. दुपारचं जेवण झालं, मुली आल्या, गेल्या. लापशीवर साय धरली, मग ती सुकून तडकली, माश्या बसायला लागल्या. संध्याकाळी त्याने ते ताट ओढून घेतलं आणि सगळं खाल्लं. हळूहळू, चावून, एक कण ठेवला नाही. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. त्याने ताट स्वतः मोरीत नेऊन घासलं, जागेवर ठेवलं, आणि मुलीची ट्रंक उचलून निघून गेला.

दिवसभर तिथे बसायचं काय कारण होतं? मारायचं असतं तर मारायचं, शिव्या द्यायच्या. कालपासून भाजीत मीठ दोनदा पडलं.

मुलगी त्याने घरी नेली. परत पाठवणार नाही म्हणतात.

आत्या


१ डिसेंबर

घुबडे,

बैठक झाली. मेस माझ्याकडेच राहिली, तीन वर्षांसाठी.

तू येशील म्हणून मी दाराकडे बघत होते. तू आलीस, पण माझ्या बाजूने बोलायला नाही. फळीचं सांगितलंस, निम्म्या ताटाचं सांगितलंस, पिंप म्हणण्याचं सांगितलंस. स्वतःचं दोन वर्षांचं सांगितलंस, तेव्हा साहेबांनी तुला पाणी दिलं. मी ऐकत होते. सगळं खरं होतं, मी नाही म्हणत नाही.

मग मला विचारलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, “मी अडाणी बाई. विद्यापीठाच्या पोरीने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, तसं केलं. साहेब स्वतः दुसऱ्या रांगेत होते.” तुझ्यावर माझा राग नव्हता. पण दोघींपैकी एकीलाच सुटता येत होतं, आणि तू तरुण आहेस.

साहेबांनी खाली बघितलं. त्यांनी टेबलांचं कौतुक केलेलं सगळ्यांना माहीत होतं, मग टेबलांचा दोष माझा म्हणणं त्यांनाही परवडणार नव्हतं. मॅडमनी तर लगेच हात वर केले. मुलींमध्ये निकाल सांगायची परवानगी त्यांनी तुला दिलीच नव्हती म्हणाल्या. तू त्यांच्याकडे बघितलंस तेव्हा त्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. माणसं अशीच असतात ग, मी तुला लहानपणीच सांगायला हवं होतं.

दादाकडून कळलं की त्यांनी तुला काढलं. दुसरीकडेही कुणी घेत नाही, कारण नाव खराब झालंय. खोलीत पडून असतेस, दिवस दिवस काही खात नाहीस, दार वाजलं तरी उघडत नाहीस. दादा घाबरलाय. वहिनी रडते. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, हिचं काय करायचं ते मला माहीत आहे. एकदा सुधारत आणलीच होती, मध्येच पळाली म्हणून अर्धवट राहिलं.

तेव्हा आता इकडे ये. मला सकाळच्या पाळीला माणूस हवंच आहे, पगार तुझ्या त्या विभागापेक्षा फार कमी नाही, आणि जेवण माझ्यासमोर. मागची खोली झाडून ठेवलीय, चादर नवी घातलीय. दादाने होकार दिला आहे. तो तुला रविवारी इथे आणून सोडेल, तू काही बोलू नकोस, त्याचं बीपी वाढतं.

कपडे थोडेच आण. घड्याळ आणू नकोस. उठवायला मी आहे.

तुझी आत्या